कोकराच्या दुधाला माझा आरडाओरडा

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच कबूल करते. जन्मभर शाळेत एका खोलीत दोन-दोन वर्ग बसवून शिकवलं. आवाज बारीक असता तर पोरांनी मला विकून खाल्लं असतं. पण निवृत्त झाल्यावर मला शांतता हवी होती. गेवराईच्या टोकाला घर बांधलं आणि मागं बाग केली. बाग म्हणजे काय, दोन मोगरे, एक जास्वंद, कढीपत्ता आणि वांग्याची सहा रोपं. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं सगळं पाणी बादलीत साठवायचं आणि संध्याकाळी तांब्या-तांब्यानं झाडांना घालायचं. मग तिथंच खुर्ची टाकून चहा प्यायचा. दिवसातला एवढा एक तास मला माझा हवा होता. जास्त काही मागितलं नव्हतं मी.

भिंतीपलीकडं एक मेंढपाळ कुटुंब राहतं. नवरा सकाळी मेंढ्या घेऊन रानात जातो. लहान कोकरांना तेवढं चालवत नाही, म्हणून ती घरीच जाळीच्या कुंपणात बायकोच्या नजरेखाली असतात. संध्याकाळी कळप परतला की जाळी उघडायची. मग काय विचारता! सगळ्या आया एकदम ओरडतात, सगळी कोकरं ओरडतात. प्रत्येक कोकरू आवाजावरून आपली आई शोधत सुटतं, चुकीच्या आईला लुचलं की ढुशी खातं आणि आणखी बोंबलतं. वर नवराबायको ओरडणार, कारण त्या गोंधळात हळू बोललेलं ऐकू येणार कसं? आणि हे सगळं नेमकं माझ्या चहाच्या वेळेला.

आठवडाभर सोसलं. मग माझं डोकं उठलं. भिंतीपाशी जाऊन वर्गातल्या आवाजात सुरू झाले, "अहो, इकडं माणसं राहतात म्हटलं! जरा आवाज कमी कराल का?"

"कुनाचा कमी करू, बाई?" मेंढपाळानं विचारलं. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. "माझा का मेंढरांचा?"

"सगळ्यांचा!"

"मेंढरं वरडली न्हाईत तर लेकरांनी आई वळखायची कशी?"

मी आणखी मोठ्यानं ओरडले. तेव्हापासून तो रोजचा कार्यक्रमच झाला. तिकडं जाळी उघडली की इकडं मी भिंतीपाशी, आणि चहा खुर्चीशेजारी गार. दुसऱ्या बाजूला किराणा दुकानवाले काका राहतात. त्यांनी मला आवर्जून सांगितलं, "बरोबर आहे बाई तुमचं. माणसानं शेजाऱ्याचा विचार केला पाहिजे." मला आणखी चेव आला.

त्याच सुमारास एक मेंढी अगदी माझ्या भिंतीला लागून व्याली. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं काळं कोकरू. मी ओरडायला उभी राहिले की माझ्या नाकाखाली ते शेपूट हलवत आईला लुचत असायचं. माझ्या एवढ्या बोलण्याचा त्याच्यावर काडीचा परिणाम व्हायचा नाही, याचाही मला राग यायचा.

पंधरा दिवसांनी ती मेंढी पोट फुगून मेली. त्या संध्याकाळी मी भिंतीपाशी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही गेले नाही. दुखवट्याच्या घरावर काय ओरडायचं?

तिसऱ्या दिवशी मेंढपाळाची बायको पदराखाली कोकरू घेऊन दारात. "बाई, तुमी का म्हून गप झालात?"

"आता गप बसले त्याचाही त्रास आहे का तुम्हाला?"

"तसं न्हाई वो. ह्ये दूध पिईना." दुसऱ्या मेंढ्या जवळ करीनात म्हणून तिनं बाटली आणली, शेळीचं दूध भरलं, पण ते तोंडच फिरवत होतं. "कापसाच्या बोळ्यानं चार थेंब पाजतीय, त्येवढ्यावर जगतंय व्हय? संध्याकाळ झाली की तुमच्या भिंतीकडं तोंड करून हुबं ऱ्हातं. जल्मल्यापासनं दूध पितानी तुमचंच वरडनं ऐकलंय त्यानं. तुमी जरा वरडा की."

कप्पाळ माझं! मी निवृत्त मुख्याध्यापिका. पण कोकराच्या पोटाखाली हात घातला तर नुसत्या फासळ्या लागल्या, आणि त्यांच्या आत काळीज धडधडत होतं. मला एकदम रडू आलं. हे मरतंय, आणि ते माझ्याच हातात मरणार असं वाटलं.

बागेत जाऊन बसलो. तिनं बाटली धरली. मी म्हणाले, "अहो, जरा आवाज कमी करा."

कोकरानं ढुंकून पाहिलं नाही.

"असं मऊ नगं बाई. रोजच्यावानी. मनापासून."

पण रडताना राग आणायचा कुठून? मी दोन-तीनदा प्रयत्न केला, पण आवाज रडकाच निघाला. तेवढ्यात तिचा नवरा काय चाललंय बघायला भिंतीवरून उडी मारून आला, तो थेट माझ्या वांग्यांत. दोन रोपं मुळापासून आडवी!

"डोळे फुटले का तुमचे?" मी कडाडले. "दार कशाला ठेवलंय मी? तांब्या-तांब्यानं पाणी घालून जगवलीत ती, कळतंय का काही!"

कोकराचे कान उभे राहिले. मान वर झाली. पुढच्या क्षणाला बाटलीचं रबरी बूच तोंडात, आणि शेपूट गरगर.

"थांबू नगा!" दोघं एकदम ओरडले. मी कशाला थांबतेय?

तेव्हापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ तिघं बागेत: ती बाटली धरते, कोकरू पितं आणि मी ओरडते. विषय पुरत नाहीत. नळ, हायवेवरचे हॉर्न, माझ्या सुना, काहीही चालतं. कोकरू आता चांगलं बाळसं धरू लागलंय.

काल संध्याकाळी दुसऱ्या भिंतीवरून काकांचं डोकं वर आलं. कपाळाला भस्माचे पट्टे, पूजेतून उठून आलेले. "बाई, रोज पिंडीसमोर बसलो की तुमचं सुरू होतं. काय हा आवाज! माणसानं शेजाऱ्याचा विचार करायला पाहिजे."

मला ओशाळल्यासारखं झालं. खरंच होतं त्यांचं. मी तोंड मिटलं.

कोकरानं बूच सोडलं आणि माझ्याकडं बघत उभं राहिलं.

बाटलीत अजून निम्मं दूध होतं. मी पदर खोचला, काकांकडं वळले आणि त्यांनाच सुरुवात केली.