डिझेल ज्याचे त्याने

समुद्रावरून परत आलं की आमच्या गाड्यांमध्ये दोन गोष्टी उरतात: वाळू आणि किस्से. वाळू निदान झाडून निघते हो!

आम्ही तिघं पुणेकर, वय आणि पोट यांचा विचार न करता विंडसर्फिंग करतो. म्हणजे पाण्यात फळीवर उभं राहायचं, तिच्यावरचं शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वारा नेईल तिकडे आपण ठरवूनच चाललोय असा चेहरा करायचा. मी कोथरूडमध्ये गणिताच्या शिकवण्या घेते. सतीश धायरीचा, आयटीवाला. आणि तिसरे जोगळेकर. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्यात गेली. निवृत्त झाले, पण सवय राहिली.

*

माझी फळी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवली, तर दुसऱ्या दिवशी नोटीस: 'पार्किंगमध्ये जहाजे लावू नयेत.'

मी सेक्रेटरींना गाठलं. "अहो, ही साधी फळी आहे!"

"मग घरात ठेवा. जहाज असतं तर विचार केला असता."

*

कोकणात आम्ही ज्या गावी जातो, तिथे गणपत नाखवा आहेत. स्वतःची होडी, आणि बोलणं अगदी मोजकं. जोराच्या वाऱ्यात सतीश पहिल्यांदा वाहून गेला, तेव्हा नाखव्यांनीच त्याला ओढून आणलं. पैसे विचारले तर हात झटकून चालू लागले.

जोगळेकर भडकले. "हौस आपली आणि डिझेल त्यांचं? हा कुठला न्याय?"

आमच्या फळ्या ठेवायच्या शेडमध्ये संध्याकाळपर्यंत पाटी लागली: 'ज्यास ओढून आणावे लागेल, त्याने त्या फेरीचे डिझेल भरावे. हेलकावे मोफत.' खाली नावांसाठी जागा.

नियम उत्तम होता. माणसं पुण्याची होती!

*

कारण मग मदत मागायला कुणी हातच वर करेना. पुढच्या खेपेला सतीश शीड पाण्यात पाडून फळीवर पालथा पडलेला, आणि फळी आपली आफ्रिकेच्या दिशेने. नाखवा होडी घेऊन शेजारी गेले. "चला."

सतीश म्हणाला, "नको, मी जरा रिलॅक्स करतोय."

नाखव्यांनी इंजिन बंद केलं आणि गळ टाकला. "बरं. मीपण."

तासाभराने सतीश दात वाजवत मुकाट होडीत चढला. तोवर नाखव्यांच्या रात्रीच्या कालवणाची सोय झाली होती.

*

माझी पाळी आली तेव्हा मी हिशेब मांडला. अर्ध्या वाटेपर्यंत माझी मी आले होते, तेव्हा अर्धंच डिझेल माझ्याकडे.

जोगळेकर शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे बाई. पुढच्या वेळी अर्धी होडी पाठवू."

*

सात वर्षांत पाटीवर सतीश नऊ वेळा, मी चार वेळा, जोगळेकर शून्य. या शून्याचा त्यांना कोण अभिमान! नवीन माणसाला ते आधी शून्य सांगायचे, मग नाव.

*

गेल्या थंडीत एके सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटला, तो असा की शीड उचलवेना. जोगळेकर म्हणाले, "आज नको." अर्थातच सतीश गेला, आणि नाखव्यांना त्याच्यासाठी दोन फेऱ्या माराव्या लागल्या. हे बघूनही मग मी गेले. अक्कल म्हणून काही नाहीच!

पंधरा मिनिटांत किनाऱ्यावरची माणसं मुंगीएवढी दिसायला लागली. मी हात वर केला. दोन्ही केले! नाखवा आले, मला होडीत घेतलं, होडी वळवली आणि इंजिन बंद पडलं. डिझेल संपलं होतं. नांगर टाकला, तो धरेना. गावातल्या बाकीच्या होड्या पहाटेच मासेमारीला गेलेल्या. नाखव्यांनी किनाऱ्यावर फोन केला आणि मग नुसतेच मागे जाणाऱ्या गावाकडे बघत बसले. त्यांचा चेहरा पाहून मी पहिल्यांदा खरी घाबरले. लेकीला सकाळी फोनसुद्धा केला नव्हता.

आणि मग एक शीड दिसलं. पडलं, उठलं, परत पडलं, परत उठलं. जोगळेकर! पाठीला दोरीने बांधलेला डिझेलचा कॅन!

"घ्या," एवढंच म्हणाले. ओठ निळे पडलेले. नाखव्यांनी डिझेल ओतलं, इंजिन खोकलं आणि सुरू झालं.

जोगळेकर होडीची कड धरून पाण्यातच राहिले. परतीला वारा समोरून होता आणि दंडात जोर उरला नव्हता. त्यांनी शिडाकडे पाहिलं, मग लांबच्या किनाऱ्याकडे.

"अहो जोगळेकर, या वर! त्या पाटीचं काय घेऊन बसलात!" मी ओरडलेच.

नाखव्यांनी हात पुढे केला. जोगळेकरांनी तो धरला. किनारा येईपर्यंत मी त्यांचे गार पडलेले हात चोळत होते आणि चक्क रडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले. पाटीवर आमच्या नावांखाली जोगळेकरांच्या वळणदार अक्षरात नवी ओळ होती:

'जोगळेकर – १. (डिझेल स्वतः आणले होते.)'