रिव्हॉल्व्हर वसूचं, फॉर्म माझा

रविवारची सकाळ, डायनिंग टेबलवर जुना पेपर पसरलेला... त्यावर बाबांचं रिव्हॉल्व्हर, तेलाची छोटी बाटली आणि फ्लॅनेलचं पिवळं फडकं. बाबा नुसता हात पुढे करायचे आणि माझी धाकटी बहीण वसू नेमकी हवी ती वस्तू त्यांच्या हातात ठेवायची. न बोलता, जणू ऑपरेशन चाललंय.

मी समोर बसून बघायची. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये, मग कॉलेजच्या हॉस्टेलवर. घरी फक्त सुट्टीत. तेल कधी आणि फडकं कधी, मला काय कळणार!

बाबांची लाकडाची वखार होती. घाटातून एकट्याने जाणं-येणं, म्हणून त्यांनी परवाना काढलेला. कोटाखाली, कंबरेला चामडी कव्हरमध्ये ते असायचं आणि गावात कोणाला पत्ता नसायचा.

बाबा गेल्यावर ते वसूच्या नावावर झालं. ती गावातच राहिलेली, शेवटपर्यंत त्यांच्याजवळ. मी नाहरकतीच्या कागदावर सही केली, वर "बरं झालं" असंही म्हटलं. खोटं बोलले...

गेल्या आठवड्यात वसूचा व्हिडिओ कॉल आला. मी इथे परदेशात, सेंगकांगला, लेकाच्या फ्लॅटवर कपडे वाळत घालत होते. "ताई, घोळ झाला गं. परवान्याची मुदत संपून दोन महिने झाले. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या नादात लक्षातच नाही राहिलं."

आता अर्ज ऑनलाइन, आणि उशिराचं कारण इंग्रजीत लिहायचं. आमच्या घरात इंग्रजी फॉर्म आला की तो माझ्याकडे येतो, हा पन्नास वर्षांचा रिवाज आहे. पोलीस ठाण्यातून तिला सांगितलं होतं... शुक्रवारपर्यंत अर्ज गेला नाही, तर रिव्हॉल्व्हर कायमचं जमा करा.

सोमवारी संध्याकाळी फॉर्म भरून झाला. शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं... आणि मी लॅपटॉप मिटला.

मंगळवारी वसूचा मेसेज, "झालं का गं?" बुधवारी पुन्हा. मी दोन्ही वेळा लिहिलं, साइट स्लो आहे. आमच्या सिस्टर्सनी ऐकलं असतं तर ओणवं उभं केलं असतं. साठी उलटलेली बाई आणि मनात काय, तर मला नाही ना मिळालं, मग तिलाही नको.

नऊ वर्षांची नात, इरा, शेजारी होमवर्क करत होती. तिला मी सगळं गोष्टीसारखं सांगितलं, नावं बदलून. तिने मान वरसुद्धा न करता, इथल्या मुलांसारखं शेवटी 'ला' लावून निकाल दिला, "आजी, यू आर जस्ट जेलस ला!"

गुरुवारी वसूने बाबांच्या जुन्या परवान्याचे फोटो पाठवले. जुना नंबर लागला तर असावा म्हणून. पिवळी पडलेली पानं, कडेला तिचा अंगठा...

एक गोष्ट खटकली. मुदत संपायची डिसेंबरअखेर, पण नूतनीकरणाचे शिक्के मात्र मे महिन्याचे. एक नाही, ओळीने तीन. तीन-तीन वर्षांच्या अंतराने आणि प्रत्येक शिक्क्याशेजारी लाल शाईत शेरा, "विलंबाने". बाबांसारखा शिस्तीचा माणूस, आणि उशीर? माझ्या लग्नानंतरचे शिक्के तपासले... सगळे जानेवारीचे.

मी वसूला फोन लावला. ती हसायलाच लागली.

"तुला माहीत नव्हतं? अगं, कचेरीतला क्लार्क फॉर्म भरून द्यायला तयार असायचा. पण बाबा म्हणायचे, माझी सेक्रेटरी मे महिन्यात येते. तोवर रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा, आणि स्वतः घाटातून हातात नुसती काठी घेऊन! आई किती चिडायची." मग म्हणाली, "आणि मी जळायचे. मी फडकं धरणारी, तू सेक्रेटरी."

मला ते मे महिने आठवले. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि मी सिस्टर्सनी शिकवलेल्या तिरक्या अक्षरात, शाईच्या पेनाने त्यांचं पूर्ण नाव लिहायची. मला वाटायचं, सुट्टीतसुद्धा डिक्टेशन! चक्क कंटाळा करायची मी...

फोन चालू ठेवूनच लॅपटॉप उघडला आणि बटण दाबलं. मग खरं सांगून टाकलं, साइट स्लो नव्हती. वसू म्हणाली, "मला कळत नव्हतं होय? लहानपणी तू रुसलीस की तुझं पेन हरवायचं. आता साइट स्लो होते."

मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. ती बाबांजवळ राहिली, मी नाही, हे काही बदललेलं नाही. पण ते पाच-पाच महिने माझी वाट बघत होते, हे या वयात कळलं... वसूने न फाडता, न लपवता ती पानं जपली, त्याबद्दल तिचे आभार.

दोघीही साठीच्या पुढच्या, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते. भाचरांनी नीट वाचावं.

रिव्हॉल्व्हर वसूचं, तिला हवं तोवर. तिच्यानंतर सरळ ठाण्यात जमा करावं, ती वाटून घ्यायची वस्तू नाही. चामडी कव्हर वसूच्या मुलीला. बाबांचा जुना परवाना मला, आणि माझ्यानंतर इराला... तिने निकाल बरोबर दिला म्हणून. आठवण म्हणून रिकामं काडतूससुद्धा कोणी माझ्या बॅगेत घालू नये, इथे चांगी विमानतळावर उतरल्यावर लेकाला ऑफिस सोडून धावत यावं लागेल.

राहिलं ते पिवळं फडकं. ते अजून वसूच्या कपाटात आहे. ते कोणाला द्यायचं हे मला विचारू नका... मी माझ्यासाठीच मागेन.