पुऱ्या वाक्याचे सर

सरांच्या क्लासला चपला काढल्या की लगेच आत जाता येत नसे. दारातच खुर्ची टाकून सर बसलेले असत आणि काल काय झालं ते प्रत्येकाला इंग्रजीत सांगावं लागे, तेही पुऱ्या वाक्यात. काय झालं, कसं झालं आणि ज्याचं झालं ते कसलं होतं, एवढं सगळं एका वाक्यात आलं की सर पाय आखडून वाट देत. नाही आलं तर “मागं जा, विचार कर.” कर्जतला एका भाताच्या गिरणीमागे त्यांचं घर होतं आणि पडवीत क्लास. गिरणी चालू असली की आम्हाला कालचा दिवस ओरडून सांगावा लागे, आणि भात घेऊन आलेली माणसं फुकटात ऐकत बसत. त्यांनीच सरांचं नाव पाडलं, पुऱ्या वाक्याचे सर.

मी कडावची. घरी म्हशी आणि भाताची शेती. पहिल्या दिवशी मी “नथिंग, सर” म्हणून मोकळी झाले, वर मराठीत सांगितलं, “आमच्याकडं काय होतच नाय, सर.”

“काहीच झालं नाही असा दिवस मी अजून पाहिला नाही गं,” सर म्हणाले. “तू बघितलं नसशील.”

सगळे आत गेले तरी मी बाहेरच. शेवटी आठवलं. “बफेलो सॅट.”

“कसली म्हैस?”

“ब्लॅक.”

“काळ्या तर सगळ्याच असतात. तुमची कसली आहे?”

“आळशी हाय, सर.”

“मग लेझी म्हण. आणि बसली कशी? रुसून बसली, हळूच बसली, का चालता चालता एकदम?”

“अवर लेझी बफेलो सडनली सॅट ऑन द रोड.” माझ्या आयुष्यातलं पहिलं धड इंग्रजी वाक्य हे असं आहे. त्या दिवशी घरी जाऊन मी ते म्हशीलाही म्हणून दाखवलं.

व्याकरणातली नावं सर सगळ्यात शेवटी सांगत. भूतकाळातलं क्रियापद म्हणजे घडून गेलेली गोष्ट, तिला आता कोणी हात लावू शकत नाही. विशेषणानं तिला चेहरा येतो आणि क्रियाविशेषणानं चाल. “नुसतं ‘गेला’ म्हणालास तर कोणीही गेला,” ते म्हणत. “म्हातारा हळूहळू गेला म्हणालास तर मी मान वळवून बघीन.” मात्र उगाच सजावट त्यांना खपत नसे. मी एकदा एकाच सकाळीला ब्यूटिफुल, नाइस आणि गुड अशी सगळी विशेषणं लावली, तर म्हणाले, “एका म्हशीच्या गळ्यात किती घंटा बांधशील? दूध तेवढंच देणार ती.”

दिनेश खालापूरकडच्या एका खेड्यातून यायचा. त्याला ‘हॅपिली’ हा एकच शब्द सापडला होता आणि तो त्यानं पोटाशी धरला होता. तो हॅपिली जेवायचा, हॅपिली आंघोळ करायचा. एकदा दोन आठवडे आला नाही, आणि आला तेव्हा दारात म्हणाला, “माय ओल्ड ग्रँडफादर हॅपिली डाइड.” आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला जवळ ओढलं आणि विचारलं, “खरंच रे? आनंदात गेले?”

“नाय, सर. रातभर खोकत व्हते.”

“मग तसं सांग. आजोबा तुझे आहेत, खोटं कशाला सांगतोस?” त्या दिवशी वाक्य पुरं झालं नव्हतं तरी सरांनी दिनेशला आत घेतलं. असं मी दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही.

सर दमलेलेच असत. दिवसभर शाळेत शिकवून यायचे, चहा घ्यायचे आणि खुर्चीत बसायचे. क्लासमध्ये डोळे मिटून घेत, झोपले असंच वाटे. पण कोणी ‘येस्टरडे आय गो’ म्हटलं की डोळे न उघडता ‘वेंट’ म्हणत. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे चाची म्हणायचो. ती आतून ओरडायची, “घरात विचारलं भाजी कशी झाली, तर नुसतं हं! पुरी वाक्यं सगळी तुमच्यासाठी ठेवलीत!”

आता मी खालापूरच्या बाजूला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. दिवसभर इंग्रजीत लिहिते. माल निघाला, माल पोचला, माल परत आला. क्रियापदापलीकडं कोणाला काही नको असतं, आणि खरं सांगायचं तर संध्याकाळपर्यंत मलाही नको असतं. घरी जाऊन पोळ्या लाटायच्या, सासूबाईंची औषधं बघायची, सकाळी पुन्हा कंपनीची बस. या रगाड्यात असतानाच कळलं की सरांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली.

आम्ही जुनी मुलं भेटायला गेलो. सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. सगळं समजत होतं, डोळ्यांत दिसत होतं, पण तोंडातून फक्त “अं, अं” निघत होतं. चाची मला आत घेऊन गेली. “त्यांचं खाणंपिणं, अंग पुसणं मी सगळं बघीन गं,” ती म्हणाली. “तेवढं बोलणं परत आणा. बोलल्याशिवाय हा माणूस जगायचा नाय.” डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज कोणीतरी शेजारी बसून बोला, शब्द येईल तसा येऊ द्या. आम्ही वार वाटून घेतले.

काही महिन्यांनी एकेक शब्द येऊ लागला. चहा. ऊन. चाचीचं नाव. आम्हाला कोण आनंद झाला! आणि तिथंच आमचं चुकलं. सरांच्या हाताखाली तयार झालेलो आम्ही, आम्हाला एवढ्यानं समाधान कुठलं? ते “ऊन” म्हणाले की आम्ही लगेच, “कसलं ऊन, सर? कुठं पडलंय?” ते वैतागून तोंड फिरवत. एकदा मी आणि दिनेश दोघं होतो. सर म्हणाले, “पाणी.” दिनेशनं पेला भरला, हातात धरला आणि अगदी लाडानं म्हणाला, “पुरं वाक्य, सर. तुमी आमाला सोडत व्हता का?”

सरांचे ओठ हलले. शब्द आला नाही. दिनेश पेला धरून हसत वाट बघत होता. सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

चाची आतून धावत आली आणि तिनं पेला हिसकावून घेतला. “तहान लागलीय त्यांना! परीक्षा कसली घेतोस रं?” अर्धं पाणी सरांच्या सदऱ्यावर सांडलं. दिनेश गिरणीच्या भिंतीशी जाऊन रडत बसला. एवढा मोठा, पोरांचा बाप झालेला माणूस. त्यानंतर तो यायचा बंद झाला, आणि हळूहळू बाकीचेही. कोणाला दोष द्यावा? सगळ्यांनाच घरं आहेत.

मी जात राहिले. शिकवणं मात्र सोडलं. सरांजवळ बसून मी माझाच कालचा दिवस सांगायची, आधी इंग्रजीत, मग चाचीसाठी मराठीत. नवा साहेब कसा उगाच ओरडला, जुना पंखा कसा धाडकन पडला. सर डोळे मिटून ऐकत. शब्द फारसे वाढले नाहीत. होते तेसुद्धा कमी झाले. चाचीनं विचारणं सोडून दिलं, आणि मला कधी कधी इतका कंटाळा येई की कर्जतला न उतरता सरळ घरी जावंसं वाटे.

अशाच एका संध्याकाळी गेले. सासूबाई दवाखान्यात होत्या, रजा नाकारली होती. पलंगाशेजारी बसले आणि सांगायला तोंड उघडलं, तर काही येईना. काल काय झालं, कसं झालं, कसलं होतं, काहीच मांडता येईना. मी नुसती बसून राहिले. गिरणी चालू होती.

सरांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग डावा हात कसाबसा सरकवत आणला, माझ्या मनगटावर ठेवला, आणि स्पष्ट म्हणाले,

“दमलीस.”

झटक्यानंतर ते स्वतःसाठी मागत आले होते. पाणी, चहा, ऊन. दुसऱ्या कोणाबद्दल बोलले ते हे पहिल्यांदा. दारात चाची चहाचा कप घेऊन तशीच उभी राहिली.

“हो, सर,” मी म्हणाले. “दमले.”

त्यांनी मान हलवली आणि हात तसाच राहू दिला.