आत्या आणि पाहुण्यांचे तळहात

माझ्या आत्याइतकं लोकांच्या घराण्यांमध्ये खोल शिरलेलं आणि तरीही एकाही माणसाचं नाव लक्षात न ठेवणारं दुसरं कोणी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नसेल. तिला नातेवाईक आजारांवरून आठवतात. "तो कोण गं कळव्याचा, अंगावर पित्त उठतं तो?" असं ती विचारते, आणि तो तिचा सख्खा मामेभाऊ निघतो. लग्नात भेटलेल्या एका बाईंना ती अजून 'सकाळी शिंकणाऱ्या' म्हणते. विहारात कोणी "जयभीम ताई" म्हणत हात जोडले, तर जयभीम घालता घालता तिची नजर समोरच्याच्या मनगटावर गेलेली असते. चेहऱ्यापर्यंत ती पोहोचते, पण सावकाश, वाटेतलं सगळं बघून झाल्यावर.

त्वचेचे आणि अ‍ॅलर्जीचे रोग पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या घरात कसे उतरतात, याचा ती शोध घेते. प्रयोगशाळा मुंबईत आहे, पण तिचं खरं काम वर्तकनगरच्या तिच्या घरातून चालतं. तिथे ती एकटी राहते. घरात गालिचा नाही, लोकर नाही, अगरबत्ती नाही. चादरी ती उकळत्या पाण्यातून काढते, त्यामुळे कुठल्याच चादरीला मूळचा रंग राहिलेला नाही. कॉलनीच्या कुंपणाशी गाजरगवत दिसलं की ऑफिसच्या कपड्यांत, हातमोजे घालून ती ते उपटत बसते. नवीन आलेल्या वॉचमनने तिला माळीण समजून "उधर भी है, मौसी" असं सांगितलं, तर तिने तिकडचंही उपटलं. वर त्याचे हात बघून साबण बदलायला सांगितलं.

सोपं करून सांगण्याची तिला हौस आहे. "कातडी म्हणजे विटांची भिंत," ती म्हणते. "मधलं सिमेंट कमी पडलं की बाहेरचं आत येतं आणि आतलं पाणी बाहेर जातं. तुमच्या बाळकुमच्या नव्या टॉवरला गळती कशी लागते? बिल्डरने सिमेंट खाल्लं म्हणून. तसंच." मग दोषी जनुक सापडलं का, असं कोणी विचारलं की ती दमल्यासारखी हसते. "सापडतात की. ढीगभर सापडतात, तोच तर त्रास आहे. प्रत्येकाने थोडं थोडं केलेलं असतं. सोसायटीच्या कमिटीसारखं. जबाबदार कोणीच नाही."

यातली एक गळकी भिंत मी आहे. लहानपणापासून माझ्या कोपरांच्या आतल्या बाजूला आणि मानेला इसब आहे. तो जातो, येतो, आणि येतो तेव्हा माझी झोप घेऊन जातो. आमच्या घरात 'हात लावू नको' या शब्दांचा इतिहास फार जुना आहे. त्यामुळे शाळेत शेजारच्या मुलीने बाक बदलून मागितला, तेव्हा बाबा तावातावाने भांडायला गेले. तिला माझी जात माहीतच नव्हती, तिला माझ्या खाजेची भीती वाटत होती. हे कळल्यावर बाबा प्रिन्सिपलच्या खोलीत नुसतेच उभे राहिले, आणि थोड्या वेळाने थँक यू म्हणून परत आले. तेव्हापासून मी पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. इंग्लिश मीडियमची आहे म्हणून कमी बोलते, असा लोकांचा समज आहे. मीही तो मोडत नाही.

गेल्या थंडीत मला बघायला कल्याणचे पाहुणे ठाकुर्लीला आमच्या घरी येणार होते. मुलाला मी त्याआधी बाहेर भेटले होते. तो कमी बोलायचा, आणि मी बोलेपर्यंत थांबायचा. मला तो आवडला होता. याहून जास्त मी लिहिणार नाही. हाताचं मात्र मी त्याला सांगितलेलं नव्हतं. आई म्हणाली, "साखरपुडा होऊ दे, मग सांगू. आणि ताई, तुम्ही प्लीज काही बोलू नका." आत्याने वचन दिलं. "हिच्या कातडीबद्दल एक शब्द काढणार नाही," ती म्हणाली. आणि ते वचन तिने अक्षरशः पाळलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील रिटायर्ड शिक्षक होते. बाबांची आणि त्यांची चळवळीतली ओळख निघाली आणि सगळं फार छान चाललं होतं. मुलाच्या आई शांत होत्या. आत्याने त्यांच्यापुढे ढोकळ्याची बशी धरली, त्यांनी ती घ्यायला हात पुढे केला, आणि आत्याने बशी सोडून हातच धरला. तो उलटा केला, ट्यूबलाइटकडे नेला आणि चष्मा कपाळावर सारून बघत राहिली.

मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. "मॅडम, आम्ही बावीस प्रतिज्ञा पाळणारी माणसं. हात बघणं, भविष्य, हे आमच्यात चालत नाही."

"आमच्यातही नाही चालत," बाबा घाईने म्हणाले. "ही त्वचारोगांवर संशोधन करते. अगं, काय करतेयस तू?"

"भविष्य कोण बघतंय, दादा? मी मागचं बघतेय," आत्या म्हणाली. तिचा आवाज आनंदाने बारीक झाला होता. "केवढ्या रेषा आहेत बघ. ताई, लहानपणी पायांवरची कातडी माशाच्या खवल्यांसारखी व्हायची ना? थंडीत?"

त्या बाईंनी हात काढून घेतला नाही. "हो," त्या हळूच म्हणाल्या. "पण आईने कुणाला सांगू नको म्हटलेलं."

"आणि तुमच्या मुलाला दमा?"

मुलाने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लहानपणी जास्त होता," तो म्हणाला. "आता फक्त पंप ठेवतो जवळ." त्याने खिशाला हात लावला. हे आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या आईचा चेहरा किंचित उजळला, आणि वचनात आपण काय विसरलो हेही त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं असावं.

मग मी जे केलं ते मी का केलं, ते मला नीट सांगता येणार नाही. मी बाही कोपराच्या वर सरकवली. "मला पण आहे," मी म्हटलं. "इथे."

मुलाच्या वडिलांनी माझ्या कोपराकडे बघितलं आणि आत्याला विचारलं, "म्हणजे दोन्हीकडून आलं. मग उद्या यांच्या मुलाबाळांचं काय?"

एखादं छोटं खोटं बोलून आत्याला सगळं सावरता आलं असतं. आई तिच्याकडे त्यासाठीच बघत होती. "शक्यता वाढते," आत्या म्हणाली. "होईलच असं नाही. होणारच नाही असंही मी सांगू शकत नाही."

"कळवतो," असं म्हणून पाहुणे गेले. आईने बश्या जरा जास्तच आवाज करत घासल्या. "एवढं शिकवलं लोकांनी हिला, गप्प बसायला कोणी शिकवलं नाही," ती भिंतीला म्हणाली. आत्या माझ्या शेजारी येऊन बसली. "माझं चुकलं का गं?" मी म्हटलं, माहीत नाही. "हात फार स्पष्ट होता," ती म्हणाली आणि उरलेला ढोकळा खायला लागली.

फोन आला नाही. आई वाट बघायची थांबली. मी थांबले की नाही, हे कोणी विचारलं नाही. एका रविवारी दुपारी मी आत्याकडे असताना बेल वाजली आणि दारात मुलाच्या आई उभ्या होत्या, एकट्या. "घरी सांगितलं, बहिणीकडे चाललेय," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या कामासाठी माझं काही घ्यायचं असेल तर घ्या."

आत्याने त्यांना थुंकी जमा करायची नळी दाखवली. ती कशासाठी, तिचं पुढे काय होणार, सगळं सांगितलं. यातून त्यांना औषध मिळणार नाही, हेही सांगितलं.

"मग माझा काय फायदा?"

"काहीच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि नळी हातात घेतली.

पण थुंकी येईना. "तुम्ही बघताय ना, लाज वाटते," त्या म्हणाल्या. म्हणून आत्या खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिच्या शेजारी मी. खाली कोणीतरी स्कूटर धूत होतं. मागून एक-दोन प्रयत्नांचे आवाज आले आणि थांबले.

"रात्री खाजवतेस का गं?" त्यांनी विचारलं.

मी वळले नाही. "हो."

"मी बाथरूमचा नळ सोडते. ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. लग्न झाल्यापासून." मग त्या म्हणाल्या, "तो तुझं विचारत होता. मी काही बोलले नाही. ह्यांचं मन अजून वळत नाहीये."

"बरं," मी म्हटलं. मागून पुन्हा थुंकण्याचा आवाज आला.

"बघा आता," त्या मागून म्हणाल्या. आम्ही वळलो. नळी अर्धीसुद्धा भरली नव्हती. त्यांनी ती संकोचाने पुढे केली. "एवढीच झाली. चालेल ना?"

आत्याने नळी उजेडात धरली, नीट बघितली आणि झाकण लावलं. "अगदी पुरेल," ती म्हणाली.

अर्ध्या नळ्या आत्याच्या प्रयोगशाळेत घेत नाहीत, हे मला माहीत आहे.