सिग्नल लाल असेपर्यंत

वेलचेरीच्या शेअर ऑटोत रोज पन्नाशीच्या एक बाई शेजारी बसायच्या. केसांत मोगरा, मांडीवर डबा, मोबाइलवर राक्षसांशी लढाई. लाल सिग्नलला आम्ही वैतागायचो, त्या खुलायच्या. "घरी सासूबाई, ऑफिसात साहेब. लढायला एवढाच वेळ," तंजावरी मराठीच्या हेलात म्हणायच्या.

मीही तोच ऑनलाइन गेम त्याच प्रवासात लपूनछपून खेळायचो. एकदा माझा योद्धा पडला आणि त्या पुटपुटल्या, "आमच्या टोळीतलं हे गाढव रोज मरतं!" मी डोकावलो. त्यांच्या स्क्रीनवर माझाच योद्धा आडवा होता. त्याला जिवंत करायचा मंत्र टाकून त्या ओरडल्या, "ऊठ रे गाढवा!"

मी ऑटोतच ताडकन उठलो आणि टपावर डोकं आपटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, डबा उघडला. "इडली खा. अंगात जोरच नाही तुझ्या."