किटलीचं गाडीभाडं

चिनी मातीची किटली गॅसवर ठेवू नये, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते सांगावं लागेल असं कुणाला वाटलंच नसणार.

नव्वदचं दशक संपत आलेलं. बायको भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही पोरांना घेऊन नाशिकला माहेरी गेली, ती शाळा उघडायच्या आदल्या रविवारी परतणार होती. डोंबिवलीच्या घरात बारा दिवस मी एकटा राजा. दुसऱ्याच दिवशी राज्यातली सगळी पातेली खरकटी झाली. चहा तर हवा. मी शोकेसकडे पाहिलं. आत पांढरी, हिरव्या वेलीची किटली सहा कपांच्या घोळक्यात पंधरा वर्षं बहुतेक नुसती बसूनच होती. म्हटलं, ही चहाचीच वस्तू आहे ना? मग करू दे की जरा काम. पाणी, साखर, पावडर आत टाकली आणि खाली गॅस पेटवला.

‘टच्च’ असा एक आवाज झाला. फार मोठाही नाही. किटलीचे दोन तुकडे झाले, चहा शेगडीवर ओघळला आणि गॅस विझला.

हा सेट म्हणजे साधासुधा सेट नव्हता. माझ्या मोठ्या मेहुणीनं तो आमच्या लग्नात दिलेला. रुखवतात मधोमध मांडलेला. बायको तो खास पाहुण्यांनाच काढायची, आणि धुताना मला स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. एवढं कमी म्हणून की काय, या वेळी तिच्याबरोबर मेहुणीबाई स्वतः आठ दिवस राहायला येणार होत्या. म्हणजे रविवारी संध्याकाळी चहा त्याच किटलीतून होणार, हे ठरलेलं. माझ्या हातात दहा दिवस उरले होते. तेवढ्यात तशीच किटली शोकेसमध्ये बसली नाही, तर पुढची पंधरा वर्षं मी काय ऐकणार हे मला पाठ होतं.

भांड्यांच्या दुकानांतून फिरलो. डोंबिवली झाली, कल्याणची बाजारपेठ झाली. सगळीकडे एकच उत्तर, “हा माल आता येत नाही, साहेब. मेलामाइन न्या, पडली तरी फुटत नाही.” ती पडून फुटलेलीच नव्हती, पण हे दुकानदाराला कोण सांगणार?

आमच्या गल्लीत एका बाईंचा टायपिंग क्लास होता. अर्धे टाईपरायटर विकून त्यांनी तीन कॉम्प्युटर आणले होते आणि बाहेर ‘सायबर कॅफे’ अशी पाटी लावली होती. तिथे इंटरनेटवर जुन्या वस्तूंचा लिलाव चालतो, असं ऑफिसात कुणीतरी म्हणालेलं. मी गेलो. बाई माझ्यामागे उभ्या राहिल्या.

“अहो, एका बोटानं काय टिपताय कोंबडीसारखं? अनामिका वापरा, अनामिका!”

“बाई, मला किटली शोधायचीय.”

“शोधा की. पण बोटं नीट ठेवून शोधा.”

पान उघडायला इतका वेळ लागे, की तेवढ्यात खरी किटली भाजून झाली असती. फोटो वरून खाली एकेक पट्टीनं उतरत होता. आधी झाकणाची मूठ दिसली, मग हिरवी वेल, मग तोटी. मी खुर्चीतून उठलोच. तीच! विक्रेत्याच्या नावाखाली एवढंच लिहिलेलं, ‘ठाणे’. मी शंभरची बोली लावली. कुणीतरी एकशे पाच केले. मी एकशे दहा. तो एकशे पंधरा. तीन दिवस मी ऑफिसातून थेट बाईंच्या क्लासात जायचो आणि पाच-पाच रुपयांनी लढायचो. शेवटी एकशे ऐंशीला किटली माझी झाली. बाईंनीही टाळी वाजवली.

आणि मग खालची ओळ दिसली. पॅकिंग आणि कुरियर: दीडशे रुपये.

इथे माझा धंदा सांगितला पाहिजे. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात परचेसला होतो. बॉल बेअरिंगपासून झाडूपर्यंत सगळं मी घ्यायचो, आणि आमच्या खात्याचा एकच धर्म: गाडीभाडं माल देणाऱ्याचं. माल आमच्या गेटवर पोचला पाहिजे, तोही तपासून पसंत पडला पाहिजे, मग पैशाचं बोला. भाड्यावरून मी मोठमोठ्या सप्लायरांना घाम फोडला होता. आणि आता ठाण्याहून डोंबिवलीला एक किटली यायला दीडशे रुपये?

मी निरोप लिहिला. बाईंनी स्पेलिंग सुधारलं. “आपला दर मान्य. गाडीभाडं अमान्य. माल पोच द्यावा. पेमेंट माल तपासल्यावर.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. “वस्तू नाजूक आहे. भुसा, खोका, कुरियर, सगळं धरून तेवढे होतात. हवं तर येऊन घेऊन जा.”

येऊन घेऊन जा! परचेसचा माणूस माल आणायला स्वतः गेला, तर सप्लायर उद्या त्याला जिन्यात बसवतील. मी पत्तासुद्धा विचारला नाही. नव्वद रुपये देतो म्हणालो. ते एकशे चाळीसवर आले. मी शंभरवर गेलो. असे तीन दिवस गेले. बाईंचा दर अर्ध्या तासाला तीस रुपये होता आणि पान उघडायलाच दहा मिनिटं जायची. हा हिशेब माझ्या डोक्यात शिरला नाही. शिरला तो बाईंच्या.

“तुम्ही आत्तापर्यंत माझ्याकडे किती दिलेत, माहितीये का?”

“तत्त्वाचा प्रश्न आहे, बाई.”

“मग चालू द्या तत्त्व. माझा फ्रिज होतोय त्यात.”

शेवटी गुरुवारी समोरून दोन ओळी आल्या. “भाडं देऊ नका. पैसेही माल बघून द्या. सोय केली आहे, दोन दिवसांत घरी पोचेल. पत्ता कळवा.” मी पत्ता कळवला आणि जिंकलेल्या माणसासारखा वडापाव खात घरी गेलो.

शुक्रवारी रात्री दाराखाली कुरियरची चिठ्ठी नव्हती. शनिवारी मी सुट्टीच टाकली. सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलो. समोरच्या काकूंच्या खिडकीवर त्या दिवशी कावळ्यांनी इतका गोंधळ घातलेला, की मी दोनदा जिन्याच्या खिडकीतून टाळ्या वाजवून त्यांना हाकललं. काकू दार उघडून बाहेर आल्या. आमच्या मजल्यावरच्या सगळ्यात सोवळ्या बाई. कांदासुद्धा चातुर्मास संपल्यावरच घरात घेणाऱ्या.

“काकू, काल माझ्याकडे कुरियरवाला आला होता का हो?”

काकूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग गालात हसल्या.

“कुरियरवाला? नाही हो. कुरियरवाला काही आला नाही.” आणि दार लावता लावता म्हणाल्या, “सुनबाई उद्याच येणार ना? तेवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.”

ते तर मी दहा दिवस लक्षात ठेवूनच होतो.

संध्याकाळी पाचला माझा धीर सुटला. उद्या या वेळी मेहुणी सोफ्यावर बसलेली असेल. मी तडक बाईंच्या क्लासात गेलो आणि विक्रेत्याच्या पानावर अभिप्रायाची चौकट उघडली. ऑफिसात आम्ही सप्लायरांना वर्षातून एकदा मार्क द्यायचो, तो फॉर्म माझ्या बोटांत बसलेला. एका बोटात का होईना. मी लिहिलं: “दर बरा. गाडीभाडं म्हणजे दरोडा. डिलिव्हरी शून्य. शब्द पाळत नाहीत. यांच्याकडून कुणी खरेदी करू नये.”

बाई चष्म्यावरून वाचत होत्या. “अहो, यांना आधी एकसुद्धा अभिप्राय नाहीये. पहिलाच तुमचा. जरा उद्यापर्यंत थांबा.”

“उद्या माझी बायको येतेय, बाई.”

मी बटण दाबलं. अनामिकेनं.

रविवारी संध्याकाळी रिक्षा थांबली. मी खाली धावलो, दोन्ही बॅगा उचलल्या. शोकेसमध्ये किटलीच्या जागी मी पितळी गणपती बसवला होता, पुढे दोन उदबत्त्या लावल्या होत्या. निदान देवाला हलवून पाठीमागे कुणी बघणार नाही, एवढाच आधार. जिन्यात पुढे मेहुणी, मागे बायको, त्यामागे पोरं आणि शेवटी ओझ्याखाली मी. दुसऱ्या मजल्यावर पोचतोय तोच काकूंचं दार उघडलं. नाकाला पदर, आणि दुसऱ्या हातात लांब धरलेली एक निळी प्लॅस्टिकची पिशवी.

“सुनबाई, बरं झालं आलीस. मला मेलीला कुणाचं काही सांगायला आवडत नाही. बायको घरात नसली की पुरुषमाणसाला वाटतं काहीतरी चमचमीत खावंसं, मी समजू शकते. म्हणून दोन दिवस गप्प बसले. खिडकीबाहेर गजाला टांगून ठेवली. पण आता वास सहन होत नाही गं!”

“कसला वास, काकू?”

“तुझ्या मिस्टरांनी सुके बोंबील मागवलेत. शुक्रवारी दुपारी मासेवाली येऊन देऊन गेली. ‘सायबांचं सामान आहे, जपून ठेवा’ म्हणाली. मी पुढचं ऐकलंच नाही, दार लावून घेतलं.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही मासे खात नाही असं नाही, पण सोवळ्या काकूंच्या दारात बोंबील? मेहुणीनं तोंडावर रुमाल धरला, तो वासासाठी की हसण्यासाठी, कळेना. मी म्हणालो, “अगं, मी शपथ सांगतो, मी बोंबील मागवले नाहीत.”

“मग काय मागवलंत?”

मी बॅगा खाली ठेवल्या. खरं उत्तर बोंबलांपेक्षा वाईट होतं.

बायकोनं तिथेच, जिन्यात, पिशवी उघडली. आत वर्तमानपत्राचा गोळा. तो सोडला तर आत आणखी एक. मग भाताचा पेंढा निघाला. आणि पेंढ्यातून, कावळ्यांच्या चोचींतून वाचलेली, अंगावर एक ओरखडा नसलेली, हिरव्या वेलीची पांढरी किटली.

 बायको चपला न काढता आत गेली. गणपतीला नमस्कार केला, त्याला उचलून बाजूला ठेवलं, आणि मागची रिकामी जागा पाहिली.

“आपली कुठाय?”

“गॅसवर ठेवली होती.”

“कशाला?”

“चहाला.”

मेहुणी सोफ्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “अगं, मी तुला किटली दिलेली, माणूस कुणी दिला?” बायको मात्र हसली नाही. तिनं पेंढ्यातली चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचली. “आमच्या शेजारच्या ताई लेकीकडे डोंबिवलीला जातात, त्यांच्याबरोबर पाठवत आहे. बोंबलांच्या पाटीत ठेवली आहे, म्हणजे धक्का लागणार नाही. वासाबद्दल क्षमस्व. दोनदा धुतली की जाईल. आमच्या घरी कप सगळे फुटले आणि किटली उरली. तुमच्याकडे तिला सोबत मिळू दे.” खाली कोलशेतचा पत्ता.

कोलशेत! वागळे इस्टेटमधून रिक्षानं फार तर वीस मिनिटं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन आलो असतो.

“भला माणूस दिसतोय,” बायको म्हणाली. “त्यांना पोचल्याचं कळवलंत का?”

मी काल काय कळवलंय ते सांगितलं. म्हणजे सगळं नाही. ‘दरोडा’ हा शब्द गाळला. तिनं तो दुसऱ्या दिवशी बाईंच्या क्लासात स्वतः जाऊन वाचला.

“हे पुसा,” ती बाईंना म्हणाली.

“नाही पुसता येत. टाईपरायटरला खोडरबर होतं. याला नाही.” बाईंनी माझ्या पानावर बोट ठेवलं. “आणि त्यांनीही तुमच्याबद्दल लिहिलंय बघा.”

एकच ओळ होती. “किटली वेळेवर गेली. गृहस्थ घरी नव्हते.”

बायकोनं ती दोनदा वाचली, आणि पहिल्यांदाच हसली. “सहा शब्दांत पंधरा वर्षं बसवली बघा यांनी.”

मंगळवारी मला कोलशेतला पाठवण्यात आलं. घर खाडीच्या बाजूला होतं. कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, बनियनवर, अंगणात तारेवर काहीतरी दुरुस्त करत होते. मी एकशे ऐंशी काढले, त्यावर दीडशे ठेवले आणि माझं नाव सांगितलं.

“अच्छा, म्हणजे डिलिव्हरी शून्य तुम्ही!” ते म्हणाले. आणि कुंपणाकडे तोंड करून ओरडले, “ताई, ये गं, तुझे किटलीवाले सायेब आलेत!”

मासेवाल्या ताई कमरेवर हात ठेवून आल्या. “काय वो दादा? उन्हातानात जिनं चढून आलेली मी. तुमच्या दाराला टाळा. समोरची म्हातारी तोंडावर दार आपटते. मी बोलली पण, फुटंल, फुटंल. आन तुम्ही माझं नाव खराब करता कॉम्पुटरवर?”

“तुमचं नाही हो ताई, यांचं केलं.”

“पोचवली कुणी? मी. मग शून्य कुणाला?”

याच्यावर आमच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. त्या गृहस्थांनी एकशे ऐंशी घेतले, दीडशे परत माझ्या हातात दिले, आणि ताईंकडे मान हलवली. “भाडं त्यांचं.” मी ते ताईंपुढे धरले. त्यांनी पन्नास उचलले, बाकी परत केले आणि घरातून एक पुडी आणून माझ्या पिशवीत कोंबली. “बोंबील हायेत. आता खरंच न्या घरी. म्हातारी उगाच बोलली असं नको व्हायला.”

त्या रात्री आमच्याकडे बोंबील झाले, खिडक्या लावून. किटली चार वेळा धुतली, तरी मेहुणी जाईपर्यंत प्रत्येक चहाला तोटीपाशी नाक नेऊन म्हणायच्या, “खाडीचा आहे हो!”

बुधवारी ऑफिसात एका सप्लायरचा फोन आला. नेहमीच्या भांडणाची तयारी करूनच त्यानं विचारलं, “साहेब, गाडीभाडं कोणाचं?”

मी म्हणालो, “आमचं.”

त्यानं पुन्हा एकदा आमच्या कंपनीचं नाव विचारून खात्री केली. मग त्यानं काळजीनं विचारलं, “साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?”