गोळ्या उरल्या त्याचं कारण

“फुकट मिळतं ना, म्हणून या लोकांना किंमत नाही.”

डॉक्टरांनी माझी गोळ्यांची पट्टी वर धरली. बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांना दिसेल अशी. महिना संपला होता आणि पट्टीत गोळ्या शिल्लक होत्या. मी म्हटलं, “चुकलं, साहेब.” मान खाली.

शेजारी सुलभा होती, अँटॉप हिलची. परळच्या या हॉस्पिटलातच ओळख झालेली. दोघींचाही छातीचा कॅन्सर हाडांत उतरलेला. पण तिच्या गाठीवर ही गोळी चालत नाही, असं तपासणीत निघालं. माझ्या गाठीवर चालते. तिच्यासमोर माझ्या उरलेल्या गोळ्या अशा दाखवल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती एवढंच म्हणाली, “तुला मिळतायत तर घे ना गं.”

काय सांगू तिला? गोळीने जुलाब होतात. धरवत नाही. आमच्या लालबागच्या चाळीत मजल्याला दोन संडास, बाहेर रांग. एकदा रांगेतच साडी खराब झाली. सुनेने पॅसेज धुतला. तेव्हापासून पाहुणे असले, गणपती असले, की मी गोळी घ्यायची नाही. डॉक्टर सगळ्यांसमोर विचारायचे, “काही त्रास?” मी म्हणायची, “नाही.” सांगितलं तर गोळी बंद करतील, ही धास्तीही होती.

सुलभा दिवाळीआधी गेली.

त्यानंतर हॉस्पिटलात एक मुलगी आली. ही औषधं घेणाऱ्या बायकांना घरी नेमकं काय सोसावं लागतं, त्याचा अभ्यास करत होती. मी तोंड उघडायच्या आत डॉक्टर म्हणाले, “पेशंट निष्काळजी. लिही, पुढे चल.”

जी गोळी सुलभाच्या नशिबी नव्हती, ती मी कपाटात ठेवली. हा गुन्हा माझा. पण निष्काळजी? नाही.

“थांब गो बाय,” मी म्हटलं. “लिहायचं तर सगळं लिही. जुलाब लिही. चाळीतला संडास लिही. साहेब चारचौघांत विचारतात म्हणून मी खोटं बोलले, ते पण लिही.”

डॉक्टर गडबडले. “अहो, आधी सांगायचं ना. गोळीची ताकद कमी करता येते.”

करता येते! म्हणजे आधी सांगितलं असतं, तर सुलभासमोर दाखवायला गोळ्या उरल्याच नसत्या. तिची माफी मागायची राहिली. आता ती कुणाकडेच मागता येत नाही, आणि हे ओझं उतरणार नाही.

बाकावर नवी बाई आली की मी तिच्याजवळ सरकते. दम देते, “लाजू नको. सगळं सांग. डॉक्टर पूर्ण ऐकेपर्यंत खुर्ची सोडू नको.”

मी पण सोडत नाही.